कोलारची सुवर्णशिरा

सोनें जमिनींत सांपडतें एवढें सर्वांसच ठाऊक असतें. परंतु तें कसें सांपडतें याविषयींच्या कल्पना बहुधा गोष्टींतून आलेल्या असतात. पुरलेला हंडा, त्यावर वेटोळें घालून बसलेला नाग, आणि कुदळीच्या पहिल्याच घावासरशीं लकाकणारें धन! प्रत्यक्षांत सोन्याची खाण म्हणजे काळसर खडक, त्यांत दोन-तीन हात जाडीची गारेच्या दगडाची एक पट्टी, आणि त्या पट्टींत डोळ्यांना सहसा न दिसणारें सोनें. म्हैसूर संस्थानांतील कोलारच्या खाणी सव्वाशें वर्षे चालल्या. त्या सर्व काळाचा हिशेब मांडला तर एक टन दगडामागें सरासरी सवा तोळ्याहून किंचित् अधिक सोनें हातीं आलें असें दिसतें. एक टन दगड जमिनीच्या पोटांतून वर आणावयाचा, त्याचें पीठ करावयाचें, आणि त्या सबंध पिठांतून सवा तोळा वेंचून काढावयाचा! इतक्या अल्प लाभासाठीं माणसानें भूगर्भांत जवळ जवळ दोन मैल खोल उतरावें, याची हकीकत एखाद्या कथेइतकीच चमत्कारिक आहे.

बंगलोरच्या पूर्वेस सुमारें साठ मैलांवर हा मुलूख येतो. महाराष्ट्राला तो अगदींच परका नाहीं. शहाजीराजांच्या बंगलोरच्या जहागिरींत कोलारचा समावेश होता, आणि मराठ्यांच्या घोड्यांनीं हीं माळरानें अनेक वेळां तुडविलेलीं आहेत. परंतु आपण कशावरून जात आहों याची त्या स्वारांना कल्पना असण्याचें कारण नव्हतें. वरून पाहणाऱ्याला दिसावें तें एवढेंच : तांबडी माती, खुरटीं झुडपें, अधूनमधून उघड्या पडलेल्या खडकांच्या टेकड्या, आणि जागोजाग जुने, बुजत आलेले खड्डे.

हे खड्डे हीच या इतिहासाची खरी सुरुवात होय. ते कोणीं खणले हें निश्चित सांगतां येत नाहीं. त्यांत सांपडलेल्या जुन्या लांकडाचें वय पुढें शास्त्रीय रीतीनें काढलें गेलें, तेव्हां तें इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकांतील निघालें. हे जुने खाणकरी दोन-तीनशें फूट खोल गेले होते. त्यांच्याजवळ सुरुंग नव्हते, पाणी उपसण्याची यंत्रें नव्हतीं. खडकाला आग लावून तो तापवावयाचा, वर पाणी ओतावयाचें, आणि तडकलेला दगड छिनीनें उकलावयाचा, अशी त्यांची रीत. कोलारहून दूर उत्तरेस, पूर्वीच्या निजामी मुलखांतील रायचूर जिल्ह्यांत, हट्टी येथें तर अशींच प्राचीन खोदकामें सहाशें चाळीस फुटांपर्यंत पोंचलेलीं आढळलीं. पाण्यानें आणि काळोखानें जेथें त्यांची वाट अडविली तेथें ते थांबले. सोनें संपलें म्हणून नव्हे, तर उपाय संपले म्हणून ते थांबले, ही गोष्ट पुढच्या खाणकऱ्यांना उमगण्यास फार वर्षे लागलीं, आणि ती न उमगल्याची किंमतहि पुष्कळ द्यावी लागली.

टिपू सुलतानाच्या पाडावानंतर म्हैसूर राज्याच्या नव्या सीमा आंखण्याचें काम निघालें. १८०२ सालीं पूर्व सीमेवरील पाहणीसाठीं तेहतिसाव्या पलटणींतील लेफ्टनंट जॉन वॉरन हा अधिकारी या भागांत आला. हा जन्मानें फ्रेंच होता. आसपासच्या खेड्यांत सोनें निघतें अशी कुणकुण त्याच्या कानांवर आली, तेव्हां त्यानें सोनें दाखवील त्याला बक्षीस देण्याचें जाहीर केलें. खेडूतांनीं गाड्या भरभरून माती आणली आणि बायकांनीं ती त्याच्या डोळ्यांदेखत धुऊन दाखविली. सोनारांच्या दुकानांपुढची धूळ धुऊन कण वेंचणारे आपल्याकडील झारेकरी ज्यांनीं पाहिले आहेत त्यांना हें दृश्य सहज कल्पितां येईल : लांकडी परात, हाताला तालाचा झोका, हलकी माती पाण्याबरोबर निघून गेलेली, आणि तळाशीं राहिलेली पिवळी, बारीक रेघ. मग वॉरन मारीकुप्पम् येथें गेला. तेथें माणसें अरुंद खड्ड्यांतून तीस-चाळीस फूट खालीं उतरत, दगड टोपल्यांतून हातोहात वर येत, आणि वर बायका ते कुटून त्यांचें पीठ करीत व धूत. म्हणजे सोनें केवळ मातींत नाहीं, तर खालच्या दगडांत आहे, हें त्या निरक्षर मजुरांना पक्कें ठाऊक होतें. वॉरननें तें लिहून ठेविलें, आणि कागद दप्तरांत पडून राहिला.

या वॉरनचें पुढील चरित्र मोठें मौजेचें आहे. तो मद्रासच्या वेधशाळेचा कांहीं काळ प्रमुख झाला, आणि १८२५ सालीं त्यानें हिंदु व मुसलमान लोकांच्या कालगणनेवर ‘कालसंकलित’ नांवाचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. तिथी, नक्षत्रें आणि अधिकमास यांचीं गणितें सोडविण्यांत त्याला जो रस वाटला तो सोन्यांत वाटलेला दिसत नाहीं.

वॉरननंतर अर्धशतकाहून अधिक काळ कोलारच्या सोन्याविषयीं कोणीं गंभीरपणें प्रयत्न केला नाहीं. जे थोडे प्रयत्न झाले ते फसले. खड्डे कोसळून माणसें मेलीं. नंतर १८७१ च्या सुमारास मायकेल लॅव्हेल नांवाचा एक आयरिश शिपाई न्यूझीलंडमधील लढाईवरून परत येऊन बंगलोरास स्थायिक झाला. न्यूझीलंडांत त्यानें सोन्याचा शोध कसा करतात तें पाहिलें होतें. वॉरनचा जुना वृत्तांत त्याच्या वाचण्यांत आला, आणि बैलगाडी जोडून तो कोलारकडे निघाला. कोठें खणल्यास सोनें लागेल याचे त्यानें अंदाज बांधले, आणि सरकारदरबारीं खेटे घालून १८७५ सालीं खाणीचा परवाना मिळविला. परंतु एकट्या माणसाच्या पैशानें खाण चालत नसते. विहीर खणतां खणतां त्याची थैली रिकामी झाली, आणि दोन-तीन वर्षांतच आपला हक्क त्याला एका धनिक मंडळीच्या स्वाधीन करावा लागला. बंगलोर शहरांतील एक रस्ता आजहि त्याच्या नांवानें ओळखला जातो.

येथें थोडें थांबून ही सुवर्णशिरा मुळांत तेथें आली कशी हें पाहिलें पाहिजे. त्यावांचून पुढच्या मंडळींच्या चुका आणि त्यांचें यश, दोन्हींचा उलगडा व्हावयाचा नाहीं.

कोलारचा सोन्याचा प्रदेश म्हणजे दक्षिणोत्तर पसरलेला, सुमारें पन्नास मैल लांब आणि दोन ते चार मैल रुंद असा काळपट खडकांचा एक पट्टा. त्याच्या दोहों बाजूंस ग्रॅनाइट आणि त्याच जातीचे फिकट खडक आहेत. हा काळा खडक एके काळीं लाव्हा होता. परंतु आपल्या सह्याद्रीचा लाव्हा त्यापुढें कालचें पोर वाटावा. सह्याद्रीचें वय साडेसहा कोटि वर्षांच्या आसपास, तर कोलारच्या खडकांचें सुमारें दोनशें सत्तर कोटि वर्षे! समुद्राच्या तळाशीं थिजलेला तो रस पुढें पृथ्वीच्या पोटांत दाबला गेला, तापला, पिळवटला, आणि त्याचें पापुद्र्यापापुद्र्यांच्या हॉर्नब्लेंड शिस्ट या खडकांत रूपांतर झालें. ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञानें अशा सर्व पट्ट्यांना ‘धारवाडी’ हें नांव दिलें, कारण त्यांचा अभ्यास त्यानें त्या वेळच्या मुंबई इलाख्यांतील धारवाड जिल्ह्यांत आरंभिला होता. तेथेंहि गदगजवळच्या कप्पतगुड्डाच्या डोंगरांत सोन्याच्या शिरा आहेत, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथें कंपन्या निघाल्या. पण त्या टिकल्या नाहींत.

खडक पिळवटत असतां त्यांत भेगा पडतात. खालच्या उष्ण भागांतून क्षारयुक्त ऊन पाणी प्रचंड दाबाखालीं त्या भेगांतून वर चढूं लागतें. त्या पाण्यांत गारेचें द्रव्य, म्हणजे सिलिका, विरघळलेलें असतें, आणि गंधकाशीं संयोग पावलेलें थोडें सोनेंहि असतें. भेग मोठी झाली कीं दाब उतरतो, आणि दाब उतरला कीं जें विरघळलें होतें तें सोडून देणें पाण्याला भाग पडतें. भेगेच्या भिंतींवर गार जमते आणि तिच्याबरोबर सोन्याचे कण अडकून राहतात. भेग मिटते, पुन्हां फाटते, पुन्हां भरते. कोलारची गार पांढरीशुभ्र नसून करड्या-निळसर रंगाची व पदर असलेली आहे, ती याच कारणानें. तिच्या पदरांवरून तिच्या जन्माची कथा वाचतां येते. खाणकरी मनुष्य पांढऱ्या, चकचकीत गारेकडे ढुंकूनहि पाहत नाहीं. त्याचा डोळा त्या मळकट, पट्टेदार दगडावर असतो.

परंतु अशा शिरेंतहि सोनें सर्वत्र सारखें नसतें. घडीच्या पोळीला लावलेलें तूप कोठें दाट तर कोठें नांवालाहि नाहीं, तशी स्थिति. शीर कोठें पांच फूट रुंद होते, कोठें बोटभर उरते, तर कोठें अजिबात मिटून पुन्हां पुढें उघडते. जेथें सोनें साचलें आहे असे तिरकस पट्टे शिरेमध्यें खोल खोल उतरत गेलेले असतात, आणि त्या पट्ट्यांच्या मधल्या भागांत नुसती वांझ गार असते. म्हणून शीर सांपडणें निराळें आणि सोनें सांपडणें निराळें. चुकीच्या जागीं विहीर घेतली तर शिरेच्या मध्यावर उभें राहूनहि रिकाम्या हातांनीं परतावें लागतें. असे पुष्कळजण परतले.

१८७९ ते १८८१ या काळांत दक्षिण हिंदुस्थानच्या सोन्यानें लंडनचा बाजार अक्षरशः वेडा करून सोडला होता. हें वेड कोलारचें नव्हे, तर वायनाडच्या डोंगराळ मुलखाचें. ऑस्ट्रेलियांत नांव मिळविलेले ब्रो स्मिथ यांनीं तेथील शिरांविषयीं अनुकूल अहवाल दिला, आणि पहातां पहातां चाळीस लक्ष पौंडांच्या भांडवलाच्या कंपन्या कागदावर उभ्या राहिल्या. कॉफीचे मळे सोन्याच्या जमिनी म्हणून विकले गेले. शिरेचा कस नीट काढण्यापूर्वींच दगड कुटण्याचीं यंत्रें जहाजांवर चढलीं, बैलगाड्यांतून घाट चढून गेलीं, आणि त्यांना भरविण्यासारखा दगडच नाहीं असें आढळल्यावर तेथेंच गंजत पडलीं. दोन-तीन वर्षांत सर्व खेळ आटोपला. नमुन्याचा दगड कोणी हातानें निवडून तपासावयास पाठविला तर त्याचा कस नेहमींच उत्तम निघतो; सबंध शिरेचा सरासरी कस काय, हा प्रश्न त्या धांदलींत विचारण्यास कोणाला सवड झाली नव्हती.

वायनाडच्या या दिवाळ्याची सावली कोलारवरहि पडली. लॅव्हेलच्या हक्कांतून निघालेल्या कंपन्यांपैकीं म्हैसूर कंपनीनें १८८० मध्यें एक लक्ष पसतीस हजार पौंडांचें भांडवल जमविलें होतें. पुढील चार-पांच वर्षांत तें जवळ जवळ सर्व विहिरींत गेलें, आणि दाखवावयास सोनें म्हणण्यासारखें नव्हतें. तिजोरींत तेरा हजार पौंड उरले. शेअरचा भाव पेन्सांत मोजला जाऊं लागला. उरलेला पैसा वांटून घेऊन कंपनी मिटवावी असें पुष्कळ भागीदारांना वाटूं लागलें, आणि त्यांत अविचार होता असें कोण म्हणेल? वायनाडांत ज्यांनीं आशा धरली ते धुऊन निघाले होते. खाणकामांतील जुनी पेढी जॉन टेलर आणि सन्स हिचें मत मात्र निराळें पडलें, आणि शेवटचा प्रयत्न करून पाहण्याचें ठरलें.

हा प्रयत्न ज्याच्या हातून तडीस गेला त्याचें नांव कॅप्टन प्लमर. हा कॅप्टन सैन्यांतला नव्हे. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यांतील खाणींत मुख्य देखरेख करणाऱ्यालाच कॅप्टन म्हणण्याचा प्रघात होता. प्लमरची दृष्टि त्या जुन्या, बुजलेल्या खड्ड्यांवर गेली. पूर्वीच्या लोकांनीं जेथें कष्ट करून शेंकडों फूट खणलें तेथें त्यांना कांहीं मिळत होतें म्हणूनच खणलें. तेव्हां नवी जागा धुंडाळण्यापेक्षां त्यांच्या शेवटच्या पायरीखालीं जावें, हा त्याचा विचार. ऐकावयास तो अगदीं साधा वाटतो. परंतु जुन्या खोदकामांत पाणी आणि गाळ भरलेला, भिंती ठिसूळ झालेल्या. आणि प्राचीनांनीं सर्व सोनें उपसून नेलें असावें अशी सामान्य समजूत. प्लमरनें तो गाळ ओलांडून खालीं उतरण्याचें धाडस केलें, आणि जुन्यांची वाट जेथें संपली होती तेथून खालीं अखंड, न खणलेली, भरघोस कसाची शीर लागली. तिलाच पुढें चॅम्पियन शीर हें नांव रूढ झालें. मारीकुप्पम्च्या त्या कुटणाऱ्या बायकांनीं वॉरनला जें सांगितलें होतें तेंच ऐंशीं वर्षांनीं लंडनच्या भागीदारांना पटलें.

यानंतरची भरभराट थोडक्यांत सांगतां येईल. म्हैसूर कंपनीचें पाहून ऊरगाम, नंदीदुर्ग, चॅम्पियन रीफ या कंपन्यांनींहि त्याच शिरेच्या पुढच्या-मागच्या भागांवर काम जोरानें चालविलें. आरंभीच्या काळांत टनामागें तीन-चार तोळे सोनें पडत असे. माळरानावर शहर उभें राहिलें; १८९४ मध्यें आगगाडी आली. उखळांत मुसळें पडावीं तशीं लोखंडी मुसळें रात्रंदिवस दगड कुटूं लागलीं. कुटलेलें पीठ पाऱ्यावरून नेलें म्हणजे पारा सोनें धरून ठेवी, आणि त्यांतून निसटलेलें बारीक सोनें सायनाइडच्या पाण्यांत विरघळवून परत मिळवीत. १९०५ सालीं उत्पन्न सहा लक्ष औंसांवर गेलें. पंचवीस हजारांहून अधिक माणसें, बहुतेक तमिळ मुलखांतून आलेलीं, तेथें राबत होतीं. दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या पुढाकारानें कावेरीच्या शिवसमुद्रम् धबधब्यावर विजेचें केंद्र उभारलें गेलें, आणि १९०२ च्या जूनअखेर ब्याण्णव मैलांवरून वीज कोलारास पोंचली. एवढ्या लांबवर वीज नेणें ही त्या काळीं मोठी गोष्ट होती. बंगलोरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले ते त्यानंतर तीन वर्षांनीं. तोंपर्यंत राजधानीपेक्षां खाणीचा अंधार अधिक उजळ होता.

शीर पश्चिमेकडे कलत खालीं जात होती, आणि जसजशी खोल जाई तसतशी उभी होत जाई. तिच्या मागोमाग माणसें गेलीं. एक हजार फूट, तीन हजार, सहा हजार, आणि अखेर चॅम्पियन रीफच्या खाणींत दहा हजार फुटांच्याहि खालीं. तेथें खडकाचें मूळचें उष्णमान साठ अंश सेंटिग्रेडच्या वर असे. हात लावला तर पोळे. वरून थंड केलेली हवा सोडल्यावांचून कामच अशक्य झालें.

उष्णतेपेक्षां भयंकर होतें तें खडकाचें फुटणें. दोन मैल जाडीच्या दगडाचा भार चोहों बाजूंनीं दाबीत असतां मधली शीर काढून घेतली, म्हणजे तो भार उरलेल्या खांबांवर आणि भिंतींवर येतो. कोलारचा खडक कठीण आणि ठिसूळ; तो वांकत नाहीं, सोसतो, सोसतो, आणि एका क्षणीं बंदुकीच्या बारासारखा फुटतो. भिंतीच्या भिंती आंत कोसळत, बोगदे बुजून जात, आणि वर शहरांतील घरें भूकंपानें हादरावीं तशीं हादरत. अशा वेळीं खाणीच्या तोंडाशीं जमलेल्या बायकांना पाळी कोणाची होती एवढेंच काय तें विचारावयाचें असे. लांकडी आधार काडीसारखे मोडतात हें पाहून रिकाम्या जागा ग्रॅनाइटच्या घडीव चिऱ्यांनीं भरून काढण्याची पद्धति आली. शीर कोणत्या क्रमानें काढावी याचे नियम बसविले गेले. धक्के नोंदविण्यासाठीं भूकंपमापक यंत्रें बसविलीं गेलीं. त्यामुळें अपघात कमी झाले, थांबले नाहींत. सोन्याच्या हिशेबाच्या वह्या तोळा-मासापर्यंत चोख राहिल्या, आणि त्यांच्या शेजारीं ही दुसरी नोंद वाढतच गेली.

१९५६ सालीं म्हैसूर सरकारनें खाणी ताब्यांत घेतल्या, १९६२ सालीं त्या मध्यवर्ती सरकारकडे गेल्या. याच सुमारास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ तेथें एका निराळ्याच वस्तूच्या शोधासाठीं उतरत होते. आकाशांतून येणाऱ्या किरणांपैकीं इतर बहुतेक सर्व कण साडेसात हजार फूट खडकांत गाळले जातात. केवळ न्यूट्रिनो नांवाचा अतिसूक्ष्म कण पृथ्वी आरपार भेदून जातो. खालच्या बोगद्यांत यंत्रें मांडून, जपानी आणि इंग्रज सहकाऱ्यांसह, त्यांनीं १९६५ सालीं वातावरणांत जन्मलेल्या न्यूट्रिनोची खूण टिपली. त्याच वर्षीं आफ्रिकेंतहि दुसऱ्या एका मंडळीनें ती टिपली, आणि तीहि सोन्याच्याच खाणींत! सोन्याखेरीज दुसऱ्या कशासाठीं माणूस इतका खोल गेलाच नव्हता, म्हणून शास्त्रालाहि त्याचेच जिने उतरावे लागले.

पण शिरेंतील दाट पट्टे आतां खणून झाले होते. जें उरलें होतें तें पातळ, तुटक आणि फार खोल. टनामागें अर्धा तोळाहि मिळेना, आणि तेवढ्यासाठीं पाणी उपसणें, हवा थंड करणें, माणसें दोन मैल खालीं-वर नेणें हा खर्च सोन्याच्या किमतीपलीकडे गेला. २८ फेब्रुवारी २००१ रोजीं खाणी बंद झाल्या. तोंपर्यंत त्यांतून आठशें टनांहून अधिक सोनें निघालें होतें. उत्तरेस हट्टी येथें मात्र काम चालूच राहिलें, आणि तेंहि प्राचीनांच्या त्याच खड्ड्यांच्या खालीं.

पंप थांबल्यावर कोलारच्या बोगद्यांत पाणी चढूं लागलें. तळचे मजले प्रथम बुडाले. शास्त्रज्ञांच्या जागा बुडाल्या, ग्रॅनाइटच्या चिऱ्यांच्या भिंती बुडाल्या. वर शहराच्या कडेला कुटलेल्या दगडाच्या भुकटीचे उंच, करडे ढीग उभे आहेत. पाऊस पडला कीं त्यांवर ओघळ पडतात, आणि उन्हाळ्यांत वारा सुटला म्हणजे ती बारीक धूळ खाणकऱ्यांच्या चाळींवर येऊन बसते. त्या धुळींतहि अजून थोडें सोनें आहे. तें काढणें परवडेल कीं नाहीं याचे हिशेब अधूनमधून पुन्हां मांडले जातात.